तीनचाकी बाबागाडी घेण्याआधी वाट नीट पाहा

वाचकाचे पत्र

आम्ही वाईजवळ शेतावरच्या घरात राहतो. मुलगी ५ महिन्यांची आहे. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत सुमारे एक किलोमीटरची मुरूम-खडीची वाट आहे आणि पुढे धोमच्या कालव्याच्या कडेने फिरायला जाता येते. पुण्याहून आणलेली लहान चाकांची बाबागाडी अंगणाबाहेर चालतच नाही. पुढची चाके दगडाला अडतात आणि बाळ दचकून रडते. इंग्लंडमध्ये राहणारी माझी नणंद दिवाळीला येताना तिच्या मुलाची वापरलेली, मोठ्या हवेच्या चाकांची तीनचाकी गाडी आणते म्हणते. तोवर बाळ ७ महिन्यांचे होईल. यजमानांचे म्हणणे असे की तीनचाकी कलंडते, चारचाकीच घ्यावी. सासूबाई म्हणतात, मूल कडेवर असते तेच बरे. तीनचाकी घ्यावी का, घेताना काय पाहावे, आणि बाळाला तिच्यात केव्हापासून बसवावे?

उत्तर

प्रिय भगिनी,

आपण शेवटी विचारलेला प्रश्न सर्वांत आधी सुटायला हवा, कारण गाडी कितीही उत्तम असली तरी बाळाची मान सावरण्याचे काम बाळालाच करावे लागते. ५ महिन्यांचे बाळ बहुधा मान धरू लागलेले असते. पण मांडीवर मान धरणे वेगळे आणि खडीवरच्या सततच्या हादऱ्यांत ती सावरून ठेवणे वेगळे. बाळ किमान ६ महिन्यांचे झाल्याशिवाय गाडी खडबडीत वाटेवर नेऊ नये किंवा ती घेऊन पळू नये, अशी सूचना अशा गाड्यांचे अनेक उत्पादक देतात, आणि काही जण ही मर्यादा ८-९ महिन्यांपर्यंत पुढे नेतात. जी गाडी हाती येईल तिच्या पुस्तिकेत लिहिलेले वय हीच किमान अट समजावी, आणि त्याशिवाय आपल्या बालरोगतज्ज्ञांना बाळ दाखवून, ‘मुरमाच्या वाटेवरून गाडीत बसवून नेले तर चालेल का’ असे स्पष्ट शब्दांत विचारावे. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर हे वय जन्मतारखेपासून न मोजता प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचे असते, हेही डॉक्टरांशी बोलताना लक्षात असू द्यावे. दिवाळीपर्यंत थांबावे लागणार आहे, ते या दृष्टीने आपल्या सोयीचेच आहे.

आता गाडीकडे येण्याआधी मी आपल्याला वाटेकडे पाहायला सांगेन. गाडी निवडताना बहुतेक जण दुकानाच्या फरशीवर ती ढकलून पाहतात, आणि तिथे सगळ्याच गाड्या लोण्यासारख्या चालतात. आपण एका सकाळी ती एक किलोमीटरची वाट बाळाला घरी ठेवून चाला आणि तिच्यातला सर्वांत वाईट तुकडा कोणता ते ठरवा. निसटती खडी कुठे आहे, चढ कुठे आहे, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या किती खोल आहेत, वाट एका बाजूला कुठे उतरती आहे, बाभळी कुठे आहेत, हे सगळे पाहा. त्या एका वाईट तुकड्यावरून जी गाडी बाळाला न हिसकता जाईल तीच आपली गाडी. वाटेचा बाकीचा भाग कोणत्याही बऱ्या गाडीला जमेल.

आपली सध्याची गाडी दगडाला अडते, यात गाडीचा दोष फारसा नाही. तो चाकाच्या आकाराचा परिणाम आहे. चाक जितके लहान तितका दगड त्याच्या मध्याच्या जवळ, म्हणजे जणू भिंतीसारखा समोर येतो, आणि चाक वर चढण्याऐवजी तिथेच थांबते. ३ सेंटिमीटर उंचीचा, जमिनीत घट्ट बसलेला दगड घ्या. ६ इंच व्यासाच्या चाकाला तो ओलांडायचा असेल तर त्या चाकावर जितका भार आहे त्याच्या सुमारे १.३ पट जोराने आडवे ढकलावे लागते. १२ इंची चाकाला तोच दगड पाऊण पट जोरात ओलांडता येतो आणि १६ इंची चाकाला त्याहूनही कमी, सुमारे ०.६ पट जोर पुरतो. हा हिशेब टणक चाकाचा झाला. चाकात हवा असेल तर टायर दगडाभोवती थोडा दबतो, दगड जणू पोटात घेतो आणि जोर आणखी कमी लागतो. बाळ दचकते त्याचे कारणही यातच आहे, कारण चाक थांबले तरी आपण ढकलत राहतो, गाडीचा मागचा भाग उचलला जातो आणि बाळ पट्ट्यांवर पुढे आदळते. म्हणून खडबडीत वाटेसाठी किती चाके हा प्रश्न दुय्यम आहे; पुढचे चाक केवढे आणि कसले, हा खरा प्रश्न आहे.

यजमानांची शंका मात्र निराधार नाही आणि तिचे उत्तर नीट दिले पाहिजे. चारचाकी गाडीचा पाया आयताकृती असतो, तीनचाकीचा त्रिकोणी. गाडी सरळ उभी असताना याने काही बिघडत नाही. उलट, तिपाई जशी ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही तशी तीन चाके उंचसखल जागी नेहमी एकाच वेळी टेकलेली राहतात, आणि चारचाकीचे एखादे चाक अधांतरी राहते. अडचण येते ती वाट आडवी कललेली असते तेव्हा, आणि त्याहून अधिक, उतारावर वेगात वळताना. अशा वेळी भार पुढे आणि बाजूला एकदमच सरकतो, आणि त्रिकोणाचा पुढचा भाग अरुंद असल्याने तिथे त्याला पाया उरत नाही. त्यामुळे बाळाची बैठक जितकी खाली आणि जितकी मागच्या आसाच्या जवळ, तितकी तीनचाकी सुरक्षित. बैठक उंच आणि पुढे ओढलेली असेल, मागची दोन चाके एकमेकांच्या जवळ असतील, तर ती गाडी शहरातल्या पदपथासाठी केलेली आहे, मग तिला कितीही रांगडे रूप दिलेले असो. वापरताना एक नियम पाळावा: उतारावर वळू नये. आधी सपाट जागी यावे, वेग मोडावा, मग वळावे. वाट आडवी कललेली असेल तिथे आपण स्वतः उताराच्या बाजूला राहून हँडलचे खालचे टोक हाताने आधारून चालावे.

आणखी एका बाबतीत चारचाकी सरस ठरते, ते म्हणजे चाकोऱ्या. तिची मागची चाके पुढच्यांच्याच मागोमाग धावतात, म्हणून ढकलणाऱ्याला दोनच रेषा सांभाळायच्या असतात. तीनचाकीला तीन रेषा लागतात. मागची चाके चाकोरीच्या दोन्ही काठांवर आणि पुढचे चाक मध्ये खड्ड्यात, अशी तिची अवस्था वारंवार होते. ट्रॅक्टरच्या वाटेवर दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा पुरेसा रुंद आणि मोकळा असेल तर त्याच्यावरून चालावे. म्हणून यजमानांना हे अवश्य सांगा, की चारही चाके मोठी आणि हवेची असलेली चारचाकी मिळाली तर त्यांचे म्हणणे अगदी योग्य ठरेल. पण बाजारात सहज दिसणाऱ्या चारचाकी गाड्यांची पुढची चाके बहुधा लहान, टणक आणि जोडीने बसवलेली असतात, आणि तशी गाडी घेतली तर आपण आज जिथे आहात तिथेच राहाल.

तीनचाकी गाड्यांतही दोन घराणी आहेत आणि त्यांतला फरक कळला तर निवड बरीच सोपी होते. १९८४ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील याकिमा गावच्या फिल बेक्लर यांनी आपल्या बाळाला घेऊन पळता यावे म्हणून बाबागाडीला सायकलची चाके बसवली, आणि तिथून पळणाऱ्यांसाठीच्या गाड्यांची परंपरा सुरू झाली. या प्रकारात पुढचे चाक मोठे असते आणि ते सरळच राहते, वळत नाही; वेगात गाडी डगमगू नये म्हणून ते तसे ठेवलेले असते. वळायचे झाले की हँडल खाली दाबून पुढचे चाक उचलावे लागते आणि गाडी मागच्या चाकांवर फिरवावी लागते. दुसरे घराणे रानवाटांवरून चालणाऱ्यांचे. न्यूझीलंडमध्ये १९९२ साली सुरू झालेली माउंटन बगी ही त्यातली ओळखीची कंपनी. या प्रकारच्या आजच्या गाड्यांत पुढचे चाक सहसा थोडे लहान, १० ते १२ इंचांचे असते, एरवी ते गोल फिरते, आणि खटका दाबून ते सरळ अडकवताही येते.

आपल्याला हा दुसरा प्रकार हवा. पळण्याचा आपला विचार दिसत नाही, आणि घरात, अंगणात, वाईच्या बाजारात रोज हँडल दाबून गाडी वळवणे सासूबाईंना मुळीच जमणार नाही. पण खटक्याची ती सोय नसलेली, केवळ फिरते चाक असलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. फिरते चाक खडीवर आडवे होते, आडवे झालेले चाक नांगरासारखे जमिनीत रुतते आणि गाडी जागच्या जागी थांबते. अंगणाच्या फाटकातून बाहेर पडताना खटका लावायचा आणि डांबरी रस्ता लागला की काढायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांना लावा. उतारावर मात्र डांबरी असला तरी चाक अडकवलेलेच राहू द्यावे, कारण मोकळे चाक वेग वाढला की थरथरू लागते आणि ती थरथर हँडलमध्ये जाणवेपर्यंत गाडी हाताबाहेर जाऊ लागलेली असते.

आता हवेच्या चाकांविषयी. नणंदेने इंग्लंडात ही गाडी जशी वापरली तशी ती वाईजवळ वापरता येणार नाही, कारण तिथल्या वाटांवर बाभळीचे काटे आणि सराटे नसतात. सराट्याचा सुकलेला काटा सायकलचे टायर सहज भेदतो. बाबागाडीचे टायर त्याहून जाड असतेच असे नाही. तरीही मी हवेचीच चाके घ्या असे सांगेन. पंक्चर न होणारी भरीव फोमची चाके हल्ली अनेक गाड्यांना येतात, ती सांभाळायला सोपी असतात, पण खडीवरचा प्रत्येक दाणा ती बाळापर्यंत पोहोचवतात आणि आपल्या वाटेवर त्रास नेमका त्याचाच आहे. पंक्चरवर उपाय आहेत. एक म्हणजे ट्यूबमध्ये घालायचे सीलंट, जे काट्याने पडलेले बारीक छिद्र आतून बुजवते. दुसरा उपाय आपल्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला. या गाड्यांच्या ट्यूबला बहुधा मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे हवा भरायला वेगळी सोय शोधावी लागत नाही, आणि १२ इंची चाकाच्या अनेक गाड्यांची ट्यूब लहान मुलांच्या १२ इंची सायकलच्याच मापाची, म्हणजे १२½ × २¼ असते, जी सायकलच्या दुकानात मिळते. हे माप टायरच्या कडेवर उठावदार अक्षरांत लिहिलेले असते. नणंदेला त्या अक्षरांचे छायाचित्र आजच पाठवायला सांगा आणि ते घेऊन वाईतल्या सायकलच्या दुकानात जा. ट्यूब आणि टायर दोन्ही मिळत असतील तर गाडी आणण्यातली सर्वांत मोठी अडचण दूर झाली. मिळत नसतील तर नणंदेने येताना दोन जादा ट्यूब आणि एक टायर आणलेच पाहिजेत.

हवा किती भरावी हेही टायरवरच लिहिलेले असते. या चाकांची कमाल मर्यादा अनेकदा ३० पीएसआयच्या आसपास असते. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर एवढीशी ट्यूब क्षणात फुगवतो आणि थोडे दुर्लक्ष झाले तर फोडतोही. त्यामुळे हवा तिथे भरलीच तर मीटर लावून, थांबत थांबत भरायला सांगावे; घरी हातपंप असणे सर्वांत चांगले. मुरमावर मर्यादेपेक्षा थोडी कमी हवा ठेवली तर गाडी मऊ चालते, पण इतकी कमी नको की अंगठ्याने दाबल्यावर टायर रिमला टेकेल, कारण मग दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटून फाटते. मागच्या दोन्ही चाकांत हवा सारखी आहे ना, हे मात्र नेहमी पाहावे. एका चाकात कमी असली की गाडी सतत एका अंगाला ओढते आणि ढकलणाऱ्याला वाटते की वाटच वाकडी आहे.

ब्रेक हा विषय आपल्या बाबतीत इतरांपेक्षा गंभीर आहे, कारण आपण कालव्याच्या कडेने जाणार आहात. पायाने लावायचा थांबता ब्रेक सगळ्या गाड्यांना असतो. तो दोन्ही मागच्या चाकांना एकदम लागतो का, आणि चाकाला केवळ घासून धरतो की खाचेत खिळ अडकवून चाक पुरते थांबवतो, हे पाहावे. खिळीचा ब्रेक चढावर भरवशाचा. त्याचबरोबर तो चपलेने लावता आणि सोडता येतो का, हेही पाहा. काही ब्रेक सोडण्यासाठी पायाच्या बोटांनी पट्टी खालून वर उचलावी लागते. बूट घालणाऱ्यांसाठी ही रचना ठीक आहे, पण आपल्याकडे चप्पल घालून ती उचलताना अंगठ्याला लागते, आणि लागते म्हणून मग माणूस ब्रेक लावायचेच टाळू लागतो. खाली दाबून लागणारा आणि खाली दाबूनच सुटणारा ब्रेक निवडावा. हँडलवर हाताचा ब्रेक असेल तर उतारावर त्याचा मोठा आधार होतो, मात्र तो वेग कमी करण्यासाठी आहे. गाडी उभी करण्यासाठी त्याच्यावर विसंबू नये.

हँडलला बांधलेला मनगटाचा पट्टा ही या गाड्यांमधली सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे. ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या बाबागाड्यांना असा पट्टा असणे कायद्याने सक्तीचे आहे, आणि ब्रेकचा खटका लाल रंगाचा असावा अशीही तिथली अट आहे. नणंदेच्या गाडीला पट्टा नसेल तर नायलॉनच्या मजबूत पट्टीचा शिवून घ्या आणि फाटकाबाहेर पडताना तो मनगटात गेल्याशिवाय पाऊल टाकू नका. हात सुटणे ही क्षणाची गोष्ट असते. फोन वाजतो, ठेच लागते, कुत्रे अंगावर येते.

कालव्याच्या कडेविषयी मी कठोर मत देणार आहे आणि त्याबद्दल आपण राग मानू नये. भरावावरच्या ज्या वाटेवर गाडीचे चाक आणि पाण्याची कड यांच्यामध्ये निदान दोन माणसे शेजारी शेजारी चालू शकतील एवढी सपाट जागा नाही, तिथे गाडी नेऊच नये, मग पट्टा असो वा नसो. जिथे तेवढी जागा आहे तिथेही आपण पाण्याच्या बाजूने चालावे आणि गाडी जमिनीच्या बाजूला ठेवावी. थांबायचे असेल तेव्हा ब्रेक लावावा, पुढचे चाक पाण्यापासून दूर वळवून गाडी उताराला आडवी उभी करावी आणि चाकाखाली दगड द्यावा. ब्रेक लावला आहे म्हणून गाडीकडे पाठ करू नये. गाडी पाण्यात गेली तर पाच ठिकाणी पट्टे बांधलेले बाळ चटकन सोडवता येणार नाही. मात्र या भीतीने पट्टे सैल ठेवणे हा उपाय नव्हे, पाण्यापासून लांब राहणे हाच उपाय आहे.

पट्टे पाच ठिकाणी धरणारे हवेत: दोन्ही खांदे, दोन्ही बाजूंची कंबर आणि दोन मांड्यांच्या मधला. खडबडीत वाटेवर बाळ वर उसळते, म्हणून खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या उंचीला लागतील असे सरकवता आले पाहिजेत. धक्के शोषणारी स्प्रिंग मागच्या चाकांना असेल तर उत्तम, पण तिच्यासाठी हवेच्या चाकांवर तडजोड करू नये. पहिले काम टायरच करते. बैठक जवळजवळ आडवी होणारी असावी, कारण फिरताना बाळ झोपणारच. छत्री मोठी हवी. उन्हात बाळाला झाकण्यासाठी छत्रीवरून पातळ कापड टाकून पुढची बाजू बंद करण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते; ती धोक्याची आहे, आतली हवा कोंडते आणि फार लवकर तापते. ऊन असेल तर वेळ बदलावी. पेला ठेवायची जागा, रंग, खिसे यांवर विचार करण्यात वेळ घालवू नये.

सामान ही मात्र विचारात घेण्याची बाब आहे. बाजारातून येताना भाजीची पिशवी हँडलला अडकवली जाते आणि चढावर गाडी मागे उलटते. बाळ जितके हलके आणि पिशवी जितकी जड तितके हे लवकर घडते. पिशवी बैठकीखालच्या जाळीतच ठेवावी, आणि ती जाळी खालच्या दगडांना घासणार नाही इतकी उंच आहे ना, ते घेतानाच पाहावे.

सासूबाईंचे म्हणणे मला मोलाचे वाटते. वाटेचे काही तुकडे असे असतातच की तिथे कोणतीही गाडी कडेवरच्या मुलाची बरोबरी करू शकत नाही. पावसाळ्यात काळी चिकण माती टायर आणि सांगाड्याच्या फटीत भरत जाते, चाक फिरायचे थांबते आणि चिखलाने जड झालेली गाडी बाळासकट ओढत आणावी लागते. त्या दिवसांत गाडी घरातच राहू द्यावी आणि बाळाला अंगाशी बांधायच्या झोळीत किंवा कडेवर घ्यावे. पण रोज एक किलोमीटर जाऊन-येऊन वाढत्या वजनाचे मूल कडेवर वागवणे हे बाळंतपणातून उठलेल्या कंबरेला आणि वय झालेल्या गुडघ्यांना सोसणारे नाही, आणि हे सासूबाईंना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. त्यांनाही गाडी ढकलावीशी वाटावी यासाठी हँडलची उंची कमीजास्त करता येणारी असावी. त्या साडी नेसत असतील तर आणखी एक गोष्ट तपासा: काही गाड्यांचा मागचा आस आणि ब्रेकची दांडी ढकलणाऱ्याच्या पायांच्या इतकी जवळ असते की पाऊल पूर्ण टाकता येत नाही, निऱ्या अडकतात आणि तारांच्या चाकात पदराचे टोक जाऊ शकते. त्यांच्या हाती गाडी देऊन अंगणात चार फेऱ्या मारायला सांगा.

मापाची टेप घेऊन घरात एक फेरी मारून घ्या. अशा गाड्या मागच्या चाकांपाशी बहुधा ६० ते ६५ सेंटिमीटर रुंद असतात. जुन्या घराच्या दाराची एकच फळी उघडत असेल तर त्या आत येत नाहीत. वजन साधारण १० ते १४ किलो असते. आपल्या मोटारीच्या डिकीत सीएनजीची टाकी असेल तर घडी केलेली तीनचाकीही तिच्यात मावणे कठीण आहे, चाके काढून मागच्या आसनावर ठेवावी लागते. चाके खटक्याने निघतात ही सोय आहे आणि जोखीमही. पुढचे चाक चटकन काढता येणाऱ्या काही तीनचाकी गाड्यांचे ते चाक चालताना निखळून अपघात झाल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०१८ साली उत्पादकावर कारवाई सुरू केली होती. चाक नीट बसलेले दिसले तरी तेवढ्यावर थांबू नये. प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी गाडी पुढून उचलून ते जोराने ओढून पाहावे.

गाडी वापरलेली आहे, म्हणून नणंदेने ती बांधण्यापूर्वी काही तपासण्या तिथेच कराव्यात. गाडीवरच्या पट्टीवर ईएन १८८८ हा युरोपीय मानकाचा क्रमांक आहे का ते पाहावे. २०१८ पासून या मानकाचे दोन भाग आहेत, १५ किलोपर्यंतच्या मुलांसाठी एक आणि २२ किलोपर्यंतच्या मुलांसाठी दुसरा. उत्पादकाच्या संकेतस्थळावर मॉडेलचे नाव आणि वर्ष घालून ती गाडी दोषामुळे परत मागवण्यात आली होती का, याची खात्री करावी. टायरच्या कडेला बारीक चिरा पडल्या असतील तर रबर वाळले आहे, टायर बदलावेत. पुढचे चाक सरळ अडकवून, गाडीत दहा किलोची पिशवी ठेवून, सपाट फरशीवर हलका धक्का देऊन ती सोडावी आणि दोन पावले तिच्याबरोबर चालावे. गाडी एका बाजूला जात असेल तर चाक जुळवण्याचा स्क्रू फिरवून ती सरळ होते का पाहावे. तरीही सरळ जात नसेल तर सांगाडा वाकलेला आहे आणि ती गाडी आणू नये. बकल दाबून दहा वेळा उघडावे आणि लावावे. बिजागरीपाशी, जिथे घडी पडते, तिथे तडा किंवा उगाच हलणारा सांधा असेल तरीही नकार द्यावा. विमानात तान्हे मूल सोबत असलेल्या प्रवाशाला बाबागाडीची वेगळी सवलत अनेकदा मिळते. नणंदेचा मुलगा आता मोठा असेल तर ती तिच्या सामानाच्या वजनात धरली जाण्याची शक्यता आहे, म्हणून विमान कंपनीला आधीच विचारावे.

दिवाळीनंतर आपल्याकडे साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो आणि उसाच्या ट्रॉल्या दिवसभर आणि रात्रीही ये-जा करतात. आपली वाट उसाच्या शेतांमधून जात असेल तर चाकोऱ्या याच काळात खोल होतात आणि वाटेवर बाजूला व्हायला जागा उरत नाही. तोड कुठल्या फडात चालू आहे हे गावात सर्वांना ठाऊक असते. त्या बाजूला गाडी घेऊन जाऊ नये, आणि ट्रॉली येताना दिसली तर गाडी वाटेच्या कडेला केवळ सारू नये, वाट पूर्ण सोडून शेताच्या बांधाशी न्यावी.

एकूण पाहता, नणंदेच्या गाडीचे पुढचे चाक सरळ अडकवता येत असेल, सांगाडा सरळ असेल आणि ट्यूबचे माप वाईत मिळत असेल, तर ती गाडी आणवून घ्यावी असा माझा सल्ला आहे. या तीनपैकी पहिल्या दोन गोष्टींत तडजोड नको. गाडी आल्यावर पहिला आठवडा बाळाला तिच्यात अंगणातच बसवा. त्या आठवड्यात बाळाच्या वजनाइतकी तांदळाची पिशवी पट्ट्यांनी बांधून यजमानांनी, आपण आणि सासूबाईंनी आळीपाळीने ती पूर्ण वाटेवरून नेऊन आणावी, म्हणजे प्रत्येकाला ब्रेक, खटका आणि उतार हाताला कळेल, आणि यजमानांना कलंडण्याची भीती जिथे वाटते ती जागाही सापडेल. तेवढ्या जागी बाळाला उचलून घ्यायचे आणि गाडी मोकळी न्यायची, असे तिघांनी मिळून ठरवून टाका.